पदराखालचा हात

कुणाच्याही घरी मयत झालं की चौकशीकाकू भेटायला जायच्या आणि हमखास विचारायच्या, ‘शेवटचं काय खाल्लं त्यांनी?’ पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. तिथे घरातली माणसं रडतायत आणि ही बाई जेवणाचं विचारतेय! पण गंमत अशी की रागावलं कुणीच नाही. उलट सून सांगायला लागली, सासूबाईंनी सकाळी अर्धी भाकरी मागितली, वर लिंबाचं लोणचं हवं म्हणाल्या, आणि सांगता सांगता ती त्या दिवसात पहिल्यांदाच मोकळेपणी बोलली.

काकू बडोद्याच्या रावपुऱ्यात आमच्या खालच्या मजल्यावर राहायच्या. नवरा रेल्वेत होता, तो ऐन तिशीत गेला आणि त्याच्या जागी यांना बडोदा स्टेशनवर चौकशीच्या खिडकीत नोकरी मिळाली. नाव तिथूनच चिकटलं. लोक विचारत, गाडी कितीला आहे. काकू वेळ सांगत आणि वर विचारत, कुठे चाललात, कशाला, कोण आजारी आहे? मागे रांग खोळंबायची. साहेबांनी समज दिली, तरी सवय सुटली नाही. ‘माणूस खिडकीपर्यंत आला, म्हणजे त्याचं काहीतरी चाललंय ने,’ असं त्यांचं म्हणणं.

निवृत्त झाल्यावर एका दुपारी त्या आमच्याकडे चहाला आल्या आणि भिंतीवरच्या पणजीच्या फोटोसमोर उभ्या राहिल्या. खुर्चीत ताठ बसलेली पणजी, नऊवारी, उजवा हात मांडीवर. ‘यांचा डावा हात पदराखाली का गं?’ त्यांनी विचारलं. दर दिवाळीला मीच तो फोटो पुसायची, पण एक हात दिसत नाही हे माझ्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

पणजीबद्दल आमच्या घरात फारसं बोलत नसत. ती लवकर विधवा झाली, मास्तरीण झाली आणि बडोदा संस्थानाने तिला जवळच्या सावली गावात मुलींच्या शाळेवर पाठवलं, एवढंच ठाऊक. मुलाला, म्हणजे माझ्या आजोबांना, तिने बडोद्यात दिरांकडे ठेवलं. ते तिच्याशी पुढे जेवढ्यास तेवढंच बोलले. काकूंना एवढं पुरे झालं. म्हणाल्या, ‘मी यांच्यावर कादंबरी लिहिणार.’ आम्हाला हसू आलं. तोवर त्यांनी किराणामालाच्या यादीपलीकडे काही लिहिल्याचं आमच्या ऐकिवात नव्हतं.

अप्पा, म्हणजे माझे वडील, मात्र हसले नाहीत. त्यांचं म्हणणं, कादंबरी म्हणजे मीठमसाला आलाच, आणि लोक एकच लक्षात ठेवतील, पोराला टाकून गेली. काकूंनी वाद घातला नाही. अप्पांचा होकार आल्याशिवाय एक ओळ छापणार नाही, असा शब्द दिला आणि दुसऱ्या दिवसापासून लिहायला बसल्या. मला ते धाडस वाटलं. अप्पा ऐंशीच्या पुढचे, हट्टी; आणि या बाई वर्षं घालवणार अशा पुस्तकात, जे कदाचित त्यांच्या कपाटातच राहील.

मग आमचा छळ सुरू झाला. पणजी सावलीला कशाने जात असेल? चप्पल घालत असेल का? एकटी बाई, पाणी कोण भरायचं? मी वाघोडियाच्या कारखान्यात हिशेब बघते; दमून घरी यावं तर काकू जिन्यातच गाठायच्या. तासाभराने वर जाताना माझ्याही डोक्यात तेच घोळायचं, खरंच, पाणी कोण भरायचं?

बरीच प्रकरणं झाल्यावर आम्ही एका रविवारी सावलीला गेलो. शाळेच्या जुन्या जागेजवळ एक म्हाताऱ्या गुजराती आजी, बा, भेटल्या. त्यांची आई त्या शाळेत शिकलेली. काकूंनी कौतुकाने आपल्या कादंबरीतला एक प्रसंग सांगितला, बाई मुलींना कशा दटावतात तो, आणि दटावणी मराठीतच म्हणून दाखवली. बा बोळक्या तोंडाने हसायला लागल्या. ‘मराठी कोण समजे अहीं? मारी बा कहेती, बेन गुजराती बोले ने छोकरीओ हसे.’ म्हणजे मराठी इथे कुणाला कळतच नव्हतं; बाई गुजरातीतून शिकवायच्या आणि त्यांचं गुजराती ऐकून मुली हसायच्या.

परत येताना काकू स्वतःशीच हसल्या. म्हणाल्या, ‘आपण बडोद्याची मराठी माणसं अशीच गं. घरात मराठी, म्हणून अख्खं संस्थान मराठीत बोलत होतं असं धरून चालतो. मी स्वतः जन्मभर खिडकीत गुजराती बोलले आणि लिहिताना विसरले.’ घरी पोचल्यावर त्यांनी लिहिलेलं सगळं बाजूला टाकलं आणि पहिल्या पानापासून पुन्हा सुरुवात केली. आता पणजी वर्गात अडखळायची, मुली फिदीफिदी हसायच्या, आणि त्याच मुली तिला शब्द शिकवायच्या. मला ती पणजी पहिल्यांदा ओळखीची वाटली.

नवं लिखाण पुरं झालं तेव्हा काकूंनी अप्पांसमोर बसून फोटोचं प्रकरण वाचून दाखवलं. शाळेत फोटोवाला आलाय. तेवढ्यात एक मुलगी बाईंच्या हातात मूठभर बोरं ठेवते. शनिवारी बडोद्याला जाताना मुलासाठी न्यायची म्हणून बाई ती खाली ठेवत नाहीत, पदराखाली घेतात आणि तशाच फोटोला बसतात.

अप्पा फोटोकडे बघत राहिले. काकूंनाच राहवलं नाही. म्हणाल्या, ‘अप्पा, खोटं नाही सांगत, बोरं माझ्या मनची आहेत. माझा नितीनही मामाकडे वाढला. ड्यूटी संपवून जाताना मी रोज काहीतरी घेऊन जायची. त्याला आठवत नसेल.’

‘मनची आहेत ते कळतं मला,’ अप्पा म्हणाले. ‘पण माझ्या वडिलांना तो हात जन्मभर रिकामाच दिसला.’ त्यांनी चष्मा काढून पुसला. ‘छापा.’

पुस्तक निघालं. खपलं बेताचंच, पण काकू दुसऱ्या कादंबरीच्या मागे लागल्याही होत्या. राजवाड्यातल्या एका माहुताची बायको त्यांना कुठेतरी सापडली होती आणि हत्ती आजारी पडला की ती बाई झोपायची कुठे, हे त्या मला विचारत होत्या. त्याचं उत्तर शोधायचं राहूनच गेलं. गेल्या हिवाळ्यात दोन दिवसांच्या तापात काकू गेल्या. मला अजून जिन्यात पाऊल टाकलं की कुणीतरी अडवणार असं वाटतं, आणि कुणी अडवत नाही याचं फार वाईट वाटतं.

नितीन पुण्याहून आला होता, आजारपणात जवळच होता. मी भेटायला गेले तेव्हा येणाऱ्या प्रत्येकाला तो डॉक्टर काय म्हणाले तेच पाठ केल्यासारखं सांगत होता. गर्दी ओसरल्यावर मी त्याच्याजवळ बसले. मग विचारलं, ‘शेवटचं काय खाल्लं रे काकूंनी?’

त्याने मान वर केली. ‘सेव-उसळ,’ तो म्हणाला. ‘नको म्हणत होतो, तरी मागवलीच. दोन चमचे खाल्ली, तिखट नाही म्हणून कुरकुरली आणि उरलेली झाकून ठेवली. म्हणाली, तुझ्यासाठी आहे.’

‘खाल्लीस?’

‘हो,’ नितीन म्हणाला. ‘गार झाली होती, तरी खाल्ली.’ आणि मग तो रडायला लागला.