व्हेनिसमधली अर्धी प्रदक्षिणा

आमच्या घरात पहिल्यापासून कामाची वाटणी आहे. श्रद्धा ह्यांच्याकडे आणि संशय माझ्याकडे. मी देवाचं काही करत नाही असं नाही. फुलं आणते, निरांजन लावते, सणावारी नैवेद्य चुकवत नाही. पण देव आपली काळजी घेतो हे बोलणं मला कधी पटलं नाही. गॅस मी बंद केला नाही तर देव येऊन करणार आहे का, असं मी ह्यांना विचारायची. हे शांतपणे म्हणायचे, "तुला आठवण कोण करून देतो?" मी स्वयंपाकघरात निघून जायची.

ह्यांचा जन्म गुळात गेला. मार्केट यार्डात गुळाचा गाळा, पहाटे उठून ढेपा बघायच्या, बोटाने कण चाखून गूळ कुठला ते सांगायचं. आणि अशा माणसाला मधुमेह. सकाळ-संध्याकाळ इन्सुलिनचं इंजेक्शन, आणि साखर एकदम उतरलीच तर तोंडात टाकायला म्हणून खिशात कागदात गुंडाळलेला गुळाचा खडा. डॉक्टरांनी ग्लुकोजच्या गोळ्या सांगितल्या होत्या, पण गुळाचा व्यापारी गोळ्या खाणार थोडाच. ह्यांची दुसरी सवय प्रदक्षिणेची. देऊळ दिसलं की रिकाम्या हाताने आत जायचं नाही आणि प्रदक्षिणा घातल्याशिवाय निघायचं नाही. एकदा भोरकडे ह्यांच्या भाचीच्या लग्नाला गेलो होतो. तिथल्या देवळाच्या मागच्या अंगाला कुणीतरी भिंत घालून वाट बंद केली होती. दुसरा कुणी नमस्कार करून परत फिरला असता. ह्यांनी अख्ख्या आळीला वळसा घालून प्रदक्षिणा पुरी केली, आणि इकडे अंतरपाट धरायला मामा सापडेना म्हणून मुहूर्त टळायची वेळ आली.

गाळा पुतण्याच्या हवाली केला त्या वर्षी आम्ही युरोपच्या सहलीला निघालो. बरोबर बिबवेवाडी, कोथरूड, सिंहगड रस्ता इकडचेच लोक, आणि सगळ्यांना मेंढरांसारखं हाकणारी केतकी नावाची चुणचुणीत टूर लीडर. मी निघतानाच ठरवलं होतं, ह्यांच्या हातात काही द्यायचं नाही. पासपोर्ट, मोबाइल, औषधं, जास्तीचा चष्मा, ग्लुकोजची बिस्किटं, सगळं माझ्या पर्समध्ये. हे वस्तू कुठेही ठेवतात आणि विसरतात. काही हरवू नये म्हणून सगळं मी माझ्याकडे घेतलं, आणि व्हेनिसमध्ये हरवला तो माणूसच.

त्या सकाळी हॉटेलात नाश्ता भरपूर मांडला होता. पण अंडं कशात आहे आणि कशात नाही या संशयापायी ह्यांनी नुसता कोरडा टोस्ट आणि अर्धं सफरचंद खाल्लं. इंजेक्शन मात्र रोजच्याइतकंच घेतलं होतं. मी कुरकुरले, तर म्हणाले, "दुपारी जेवीन की व्यवस्थित." मग होडीच्या रांगेत वेळ गेला, त्या शहराच्या गल्ल्या बघण्यात वेळ गेला. रस्त्याच्या जागी पाणी, दाराच्या पायरीशी होडी बांधलेली, दर वळणावर एक कमानदार पूल. सुंदर होतं, खोटं कशाला बोलू. शेवटी एका जुन्या चर्चपाशी केतकीने सांगितलं, आत जाऊन या, फोटो काढा, बाहेर चौकात जमा, मग जेवण. मी बाहेरच्या दुकानात नातीसाठी काचेचे मणी बघत उभी राहिले. हे आत गेले. मी मणी घेऊन चौकात आले तेव्हा सगळे जमले होते. हे नव्हते.

पहिल्यांदा मी चिडले. असतील कुठेतरी होडीवाल्यांकडे टक लावून उभे. केतकी आत जाऊन बघून आली, तिथे नव्हते. मग ती आणि दोघेतिघे बाप्ये डावीकडच्या दुकानांच्या गल्लीत गेले, कारण आम्ही तिकडूनच आलो होतो आणि सगळी गर्दी तिकडेच वाहत होती. ते तसेच परत आले. कोथरूडच्या एक बाई होत्या, त्या म्हणाल्या, "अहो, आधी पाण्याच्या कडेकडेने बघा." त्या काळजीनेच म्हणाल्या, पण मी लगेच कडेला जाऊन खाली वाकून बघायला लागले. तिथे कित्येक ठिकाणी कठडासुद्धा नाही. फरशी संपते आणि हिरवं पाणी सुरू होतं. आणि साखर उतरली की हे कसे होतात ते मला माहीत होतं. आधी घाम, मग हात थरथरतात, मग बोललेलं कळत नाही, आणि मग माणूस उभ्या उभ्या कोसळतो.

केतकी पोलिसांना फोन लावत होती. ती म्हणाली, "काकू, तुम्ही इथेच थांबा, ते परत आले तर." मला थांबवेना. एकच धीर होता, की खिशात गूळ आहे. वेळेवर समजलं तर तोंडात टाकतील. तोच धीर धरून मी पुन्हा एकदा चर्चमध्ये शिरले. आत गार अंधार, मेणाचा वास. उजव्या हाताला मेरीमातेची मूर्ती होती, पायाशी मेणबत्त्या तेवत होत्या. आणि त्या मेणबत्त्यांच्या शेजारी दगडी कट्ट्यावर, नीट उलगडलेल्या कागदावर, आमचा गुळाचा खडा ठेवलेला होता.

रिकाम्या हाताने आत कसं जायचं, म्हणून जवळ होतं ते ठेवलं. ह्यांच्या सगळ्या जन्माला शोभेल असंच केलं होतं. मला आधी भयंकर राग आला, आणि मग रागाच्या जागी नुसती भीती उरली. माझी पर्स खांद्याला जड लागत होती. त्यात बिस्किटं होती, मोबाइल होता, औषधं होती, सगळं सगळं होतं, आणि त्यातलं काहीच ह्यांच्यापर्यंत पोचवता येत नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा मला कळलं, की आता माझ्या हातात काही नाही. मी हात जोडले. कुठला श्लोक आठवेना. मी सरळ मराठीतच म्हणाले, "बाई, त्यांनी त्यांच्याजवळचं होतं ते तुला दिलंय. आता त्यांच्याकडे काही नाही. माझ्याच्याने होत नाही, तूच बघ त्यांच्याकडे." असं मी आमच्या बिबवेवाडीच्या मारुतीलासुद्धा कधी म्हटलेलं नव्हतं.

वळताना सवयीने कट्ट्याला हात लावून तो कपाळाला लावला, आणि तेव्हाच मला भोरचं ते लग्न आठवलं. कसं आठवलं, कुणी आठवण करून दिली, ते मी सांगू शकत नाही. पण ज्याने देवापुढे गूळ ठेवला, तो प्रदक्षिणा घातल्याशिवाय कसा जाईल? आणि प्रदक्षिणेत देव उजव्या हाताला ठेवायचा असतो. म्हणजे दारातून बाहेर पडून हे उजवीकडे वळले असणार. आम्ही सगळे डावीकडे शोधत होतो.

मी बाहेर येऊन केतकीला एवढंच ओरडून सांगितलं, "उजवीकडे गेलेत, मागोमाग ये," आणि साडीचा पदर खोचून सुटले. चर्चच्या भिंतीला धरून थोडं पुढे गेले तर भिंत संपली आणि थेट पाणीच लागलं. मागच्या बाजूला वाटच नव्हती. भोरसारखंच. एक पूल होता, तो ओलांडला. उजवीकडे वळायला गल्ली शोधत गेले, ती सापडली, पुढे दुसरं पाणी, दुसरा पूल. जिथे फाटा फुटे तिथे मी चर्चचा मनोरा बघायची आणि तो उजव्या हाताला राहील अशी वाट धरायची. दर पुलावर खाली पाण्यात बघायची आणि बघवायचं नाही. मग घरं इतकी जवळ आली की वर आभाळाची नुसती पट्टी उरली आणि मनोरा दिसेनासा झाला. समोर दोन गल्ल्या. दोन्ही सारख्याच अरुंद, दोन्ही ओल्या, दोन्हींत चिटपाखरू नाही. चुकीची धरली असती तर परत येईतो सगळं संपलं असतं. केतकीही मागे कुठे दिसेना. मी भिंतीला टेकून उभी राहिले आणि मला रडू फुटलं.

तेवढ्यात घंटा वाजायला लागली. चर्चच्या घंटा वाजतच असतात, त्या दिवशीही तिच्या वेळेला वाजली असेल, त्याबद्दल मी कुणाशी वाद घालणार नाही. पण आवाज उजवीकडच्या घरांवरून आला आणि मला देव कुठे आहे ते कळलं. त्याला उजवीकडे ठेवणारी गल्ली एकच होती. मी तिच्यात शिरले.

गल्ली एका छोट्या अंगणवजा चौकात निघाली. मध्ये जुनी विहीर, दोरीवर वाळत घातलेल्या चादरी, आणि एका दारापुढे स्वयंपाकघरातली खुर्ची. खुर्चीवर हे. शर्ट घामाने चिंब, चेहरा कागदासारखा पांढरा. एक म्हातारी बाई ह्यांची हनुवटी एका हातात धरून दुसऱ्या हाताने साखरेचं पाणी पाजत होती आणि तिच्या भाषेत ह्यांना झाडत होती. शब्द एक कळत नव्हता, पण सूर अगदी माझा होता. आणि हे प्रत्येक घोटामागे मान हलवत म्हणत होते, "हो, हो." ते "हो, हो" ऐकलं आणि माझ्या जिवात जीव आला.

मी पर्समधल्या यंत्राने साखर तपासली, बिस्किटं भरवली. तोवर केतकी धापा टाकत पोचली. तिने फोनवरच्या भाषांतराने त्या बाईचं बोलणं उलगडून सांगितलं. बाई बाजाराला निघाली होती, पण चष्मा विसरला म्हणून अर्ध्या वाटेतून परत आली. तेव्हा भिंतीला हात टेकून झुलणारे हे तिला दिसले. शेजारीण म्हणाली, दारुडा आहे, लागू नकोस नादी. पण हिचा नवराही याच दुखण्याचा होता, तो आता नाही. हिने ह्यांच्या तोंडाचा वास घेतला, दारू नव्हती, हात गार लागला, आणि विचारपूस न करता खुर्ची आणली. चष्मा शेवटपर्यंत आतच राहिला होता. माझ्यासमोर ती तो आणायला गेली आणि डोळ्याला लावून तिने पहिल्यांदा ह्यांचा चेहरा नीट पाहिला.

मी वाकून तिच्या पायाला हात लावला. ती दचकलीच. तिला वाटलं, मलाही चक्कर आली. तिने मला दंडाला धरून उठवलं, खुर्चीवर बसवलं आणि त्याच पेल्यातलं उरलेलं साखरेचं पाणी माझ्या तोंडाला लावलं. केतकी समजावायला गेली, मी तिला खुणेनेच गप्प केलं. ते पाणी मी प्यायले, थेंब न ठेवता. प्रसादाला कुणी नको म्हणत नाही. प्यायले आणि त्या परक्या अंगणात हमसून हमसून रडले, आणि ती बाई माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

अर्ध्या तासाने ह्यांना नीट बोलता यायला लागलं तेव्हा पहिलं वाक्य काय असावं? "अगं, सारखं पाणी आडवं यायला लागलं. शंकराचं देऊळ असतं तर पाणी न ओलांडता अर्ध्यातून परत फिरलो असतो. पण मेरीमातेचं काही माहीत नाही ना." मग जरा भीतभीतच म्हणाले, "प्रदक्षिणा अर्धी राहिली."

एरवी मी काय बोलले असते ते आमच्या सोसायटीतल्या कुणीही सांगू शकेल. इतकी वर्षं मी देवळाबाहेर चपला राखत बसले आणि ह्यांची प्रदक्षिणा कधी संपते म्हणून घड्याळ बघत राहिले. त्या दिवशी मी ह्यांचा हात धरला आणि केतकीला म्हटलं, लोकांना जेवायला बसव, आम्ही येतो. उरलेली वाट आम्ही दोघं मिळून चाललो, सावकाश, चर्च उजव्या हाताला ठेवून. दोन पूल आले, एका ठिकाणी वाट चुकली, पण मला भीती वाटली नाही. दारापाशी पोचलो तेव्हा मी आत डोकावले. मेणबत्त्या तेवत होत्या. कागद तसाच होता, गूळ मात्र नव्हता. कुणी झाडलोट करताना उचलला असेल. मी चौकशी केली नाही.

परत आल्यावर लोक विचारतात, व्हेनिस कसं आहे? मी म्हणते, छान आहे, पाणी फार आहे. बाकीचं निघालं की मी चहा टाकायला उठते. ह्यांचा मोबाइल आता ह्यांच्याच खिशात असतो, बिस्किटंही. कधी विसरतात, कधी हरवतात, आणि मी शक्य तेवढी गप्प बसते. सगळं आपल्या पर्समध्ये मावत नाही एवढं मला कळलंय. हे सकाळी मारुतीला निघाले की मी त्यांच्या हातावर गुळाचे दोन खडे ठेवते आणि सांगते, एक देवाचा, एक तुमचा. घरी येतात तेव्हा बरेचदा खिसा रिकामा असतो. दुसरा कुणाला दिला, ते मी विचारत नाही.