उजवीकडे धरलंय

एरवी डोंगरात काकूचं तोंड मिटत नसे. माणसांना आडवाटेने फिरवून आणण्याचा धंदा तिने नवऱ्याच्या जोडीने उभा केला, तो निम्मा पायांवर आणि निम्मा जिभेवर. दमलेल्याला ती चिडवून चढवायची, घाबरलेल्याला घरच्या गोष्टी विचारत विचारत उतरवायची. नवरा म्हणजे काका: नकाशा बघणार, मान हलवणार आणि चालू लागणार. येणारी माणसं दोघांना काका-काकू म्हणत, म्हणून डोंगरावर तीही त्यांना काकाच म्हणे. पूर्वी ‘अहो’ म्हणायची. पण एकदा तिच्या हाकेला गटातले सगळे नवरे एकदम वळले, तेव्हापासून ‘अहो’ तिने घरापुरतं ठेवलं.

त्या दिवशी मात्र तोंडाला कुलूप होतं. सकाळी बसथांब्याजवळच्या दुकानात ती बिस्किटांचे पुडे घेत होती, तेव्हा दुकानदारीण सहज म्हणाली, “काका म्हणत होते, हा त्यांचा शेवटचा मोसम. मग तुम्ही एकट्या कशा करणार हो?” काकूने पुडे पिशवीत टाकले, हसून काहीतरी उत्तर दिलं आणि बाहेर आली. तिच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. इतकी वर्षं या माणसाच्या पाठीकडे बघत चालले, आणि ही गोष्ट मला दुकानदारणीकडून कळावी? भांडायला वेळ नव्हता, माणसं जमली होती. मग तिने अबोला धरला. काकांनी दोनदा तिच्याकडे बघितलं, कारण काय ते ओळखलं, आणि तेही गप्प राहिले. त्यांना गप्प राहायला कारण लागतच नसे.

बरोबर चौघंच होते: बँकेतल्या तीन मैत्रिणी आणि एक दाताचा डॉक्टर. डॉक्टर भलता बोलका. चढ संपून पठारावर येईपर्यंत काकूची जागा त्यानेच भरून काढली.

पठारावर वाट नाही. गवत, दगड आणि मधूनच चिखल. अलीकडच्या टोकाला दगडांची एक रास आहे, पलीकडे एक ओढा, आणि त्या ओढ्यावर एकच साकव. साकव सापडला की उतरणीची वाट लागते. ओढा डावीकडे वाहत जातो आणि थेट कड्यावरून खाली पडतो. राशीपाशी ही मंडळी पोचली तेव्हा धुकं आलं, आणि असं आलं की डॉक्टरचं बोलणं आपोआप बंद झालं.

धुक्यात अशी जागा ओलांडायची त्या दोघांची रीत ठरलेली होती. साकवावर नेम धरायचा नाही. सरळ नेम धरून ओढ्याशी पोचलो आणि साकव दिसला नाही, तर तो डावीकडे राहिला की उजवीकडे, हे कसं कळणार? म्हणून जाणूनबुजून थोडं उजवीकडे धरायचं, ओढ्याच्या वरच्या अंगाला. ओढा लागला की डावीकडे वळायचं आणि पाण्याच्या कडेने साकवापर्यंत यायचं. काका नकाशावरून होकायंत्राची चकती लावून देत आणि म्हणत, “सरळ आहे.” काकू चकती उजवीकडे किंचित फिरवी आणि म्हणे, “उजवीकडे धरलंय.” काका म्हणत, “ऐकलं.” मग निघायचं.

त्या दिवशी काकांनी चकती लावली आणि काही न बोलता होकायंत्र पुढे केलं. काकूने ते त्यांच्या बोटांना बोट न लागू देता घेतलं. सवयीने चकती उजवीकडे फिरवली. बोलली नाही.

काका पुढे गेले. धुक्यात नाहीसे होण्याच्या बेतात थांबले, वळले. काकूने सुई बघितली आणि हात डावीकडे केला. ते एक पाऊल डावीकडे सरकले. तिने हात खाली घेतला. सगळे त्यांच्यापर्यंत गेले, की ते पुन्हा पुढे. एरवी हे सगळं हाकांवर चालायचं. आज हातांवर चाललं होतं, आणि बँकेतल्या तिघींना वाटलं, धुक्यातली पद्धतच अशी असेल.

ओढा यायला हवा होता. काकू मनाशी म्हणाली, धुक्यात चाल मंदावते, येईल. आणखी थोडं गेल्यावर तिने कान टवकारले. पाण्याचा आवाज नाही. पायाखालचं गवतही बदललं होतं. ओढ्याजवळ ते उंच आणि ओलं असतं, बुटात पाणी शिरतं. इथे ते बारीक, कोरडं होतं, जमिनीला चिकटलेलं. सुईशी वाद घालायचा नाही, हे ती सगळ्यांना शिकवत आली होती. तिने सुई बघितली. सुई ठीक होती, चकतीच्या रेघेवर बरोबर होती. मग पायांना काय कळतंय?

काका पुढे निघाले होते. धुकं दाटलं आणि त्यांची निळी सॅक त्यात विरून गेली.

तेवढ्यात वारा लागला. समोरून नाही, बाजूनेही नाही. खालून. तो हनुवटीखाली लागला आणि जॅकेटची कड वर उचलून गेला. असा वारा पठाराच्या मधोमध येत नाही. असा वारा कड्याच्या तोंडाशीच येतो.

काकू जागच्या जागी थांबली.

“अहो,” ती ओरडली, “थांबा. आहे तिथे थांबा.”

काही ऐकू आलं नाही. आपल्याच रागाने आपण नवरा घालवला, हे तिला त्या क्षणी अगदी स्पष्ट दिसलं. सकाळची दुकानदारीण, तो शेवटचा मोसम, सगळं क्षुल्लक होतं. तिला फक्त तो माणूस हवा होता, एका जागी उभा.

मग काकांचा आवाज आला, नेहमीसारखा शांत. “थांबलोय. काठीला पुढे काही लागत नाहीये.”

“मागे या. वळू नका. तसेच मागे या.”

“येतो.”

चौघांना तिने खाली बसायला लावलं. डॉक्टरने हळूच विचारलं, “काकू, इथून काही बघण्यासारखं आहे का?” तिने सांगितलं, “नाही. आम्ही चुकलोय. बसून राहा, कुणी उठायचं नाही.” इतकं सरळ ऐकल्यावर तो निमूट बसला.

काका धुक्यातून पाठमोरे आले. काकूने त्यांची सॅक दोन्ही हातांनी धरली आणि त्यांना खाली बसवलंच. मग तिने विचारलं.

“चकती सरळ होती ना?”

“नाही. उजवीकडे धरली होती.”

“तुम्ही? तुम्ही कधी धरता?”

“तू रागात होतीस,” काका म्हणाले. “वाटलं, आज विसरशील. म्हणून मीच धरली.”

“आणि मी वर पुन्हा धरली.”

उजवीकडे दोनदा झालं होतं. ओढा जिथे उगम पावतो त्याच्याही वरून ते गेले होते, पाण्याला न भेटता, आणि पठाराच्या मागच्या कड्यावर येऊन ठेपले होते. दोघांपैकी एकाने जरी दोन शब्द उच्चारले असते, तरी हे झालं नसतं. काकू विसरेल म्हणून त्यांनी काळजी घेतली होती. तिला रडू आलं ते याचंच.

“शेवटचा मोसम म्हणे,” ती म्हणाली. “मला का नाही सांगितलंत?”

काका गुडघा चोळत होते. “हा आता उतारावर धरत नाही. तुला सांगितलं असतं तर तू दुसऱ्या कुणाला घेऊन आली असतीस. आलीच पाहिजेस, धंदा आहे. पण मग मी घरी बसून तुझी वाट बघायची. ते मला जमेल असं वाटत नाही.”

 तिने होकायंत्र त्यांच्या हातात दिलं. त्यांनी चष्मा पुसला, नकाशा गुडघ्यावर पसरला, चकती लावली. आता ते ओढ्याच्या वरच्या अंगाला होते हे नक्की होतं, त्यामुळे मुद्दाम बाजूला धरायची गरज नव्हती.

“सरळ आहे,” ते मोठ्याने म्हणाले. “मी काही धरलेलं नाही.”

“मीही काही धरत नाहीये.”

“ऐकलं.”

या वेळी काकू पुढे चालली आणि काका मागून हाका देत राहिले. आधी गवत ओलं झालं, मग बुटात पाणी शिरलं, मग पाण्याचा आवाज आला. त्या आवाजाच्या कडेकडेने ते साकवापर्यंत उतरले. बँकेतल्या एकीने साकवाचा कठडा धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

खाली धुकं नव्हतं. डांबरी रस्ता लख्ख उन्हात होता, टोकाला बसथांबा दिसत होता आणि दुकानदारीण दारात उभी होती.  काका शेजारी लंगडत चालले होते. त्यांनी थांब्याकडे बोट केलं.

“सरळ आहे,” ते म्हणाले.

बायकांपैकी कुणीतरी हसलं. काकू हसली नाही. तिने त्यांचा दंड धरला.

“ऐकलं,” ती म्हणाली.