रिफंडसाठी दादांचा फोन

पगारदारांचे किस्से पगाराभोवती साठतात असं म्हणतात. आमच्या स्टाफरूममधले मात्र रिफंडभोवती साठले आहेत. रिफंड यायला वेळ लागतो, आणि वाट बघणारा माणूस तेवढ्या वेळात आपली अक्कल बाहेर काढून उन्हात वाळत घालतो. मला रोज चार ओळी लिहून ठेवायची सवय आहे, त्यामुळे कोणी काय तारे तोडले ते हरवलेलं नाही.

शाळा वडवणी-बीड रस्त्यावर. मी तिथे भूगोल शिकवतो. दर जुलैत आमच्याकडे बप्पा येतात. बप्पा म्हणजे बीडचे, इन्कम टॅक्सचं रिटर्न भरून देणारे गृहस्थ. लॅपटॉप उघडतात, समोरच्याचा फॉर्म सोळा बाजूला ठेवतात आणि एकच प्रश्न विचारतात, "सर, रिफंड किती पाहिजे?"

हॉटेलवाला चहात साखर किती विचारतो ना, त्याच सुरात. समोरचाही तसाच आकडा सांगतो. आलेल्या रिफंडातले दहा टक्के बप्पांचे.

मी माझं रिटर्न स्वतः भरतो. माझा रिफंड इतका किरकोळ असतो की बप्पांना माझी कीव येते. "भूगोलवाले, तुमाला सरकारचं घर भरायची लई हौस," असं ते दरवर्षी म्हणतात आणि माझ्याच डब्यातली शेंगदाण्याची चटणी खातात.

गेल्या जुलैत सगळ्यात मोठा आकडा सांगितला तो हेडसरांनी. त्यांना तसं कारणही होतं. मे महिन्यात ते रिटायर होणार, आणि संस्थेच्या सचिवाची जागा रिकामी झालेली. ती कोणाला द्यायची हे संस्थेचे अध्यक्ष आणि इकडचे पुढारी, म्हणजे दादा, ठरवणार. "घरी बसलो तर सहा महिन्यांत जातो मी," हेडसर म्हणायचे. म्हणून डिसेंबरातल्या दादांच्या वाढदिवसाला वडवणीच्या स्टँडवर सगळ्यात मोठा बॅनर आपला लागला पाहिजे, असं त्यांनी ठरवलं. बॅनर उधारीवर सांगितला. उधारी रिफंडावर.

बप्पांनी कागदांचा गठ्ठा पुढे केला. हेडसरांनी सगळीकडे सह्या केल्या. हेडसर सही करतात, वाचत नाहीत. वाचायचं काम त्यांच्या मते क्लार्कचं.

*

रिटर्न भरून आठवडा झाला नाही तोच कदम सर पेढे घेऊन आले. कदम सर इंग्रजी शिकवतात, त्यामुळे पोर्टलवरचं वाचून दाखवायचा मान त्यांचा.

"आला," ते म्हणाले. "सक्सेसफुली म्हणतंय. हिरवी टिकसुद्धा हाय."

सगळ्यांनी पेढे खाल्ले. हेडसरांनी दोन खाल्ले. मी मोबाईल मागून घेतला आणि पाहिलं. रिटर्न पोहोचलं आणि तुम्हीच भरलंय हे पटलं, एवढंच त्यात लिहिलं होतं. त्यानंतर ते तपासणार, मग रक्कम ठरणार, मग बँकेत पाठवणार. मी हे शांतपणे समजावून सांगितलं.

कदम सरांनी चष्मा पुसला. "भूगोलवाले, इंग्रजीत भाव बघायचा असतो, शब्द न्हाई."

पुढचे चार महिने भाव तोच राहिला. पेढ्याचा डबा आता खडूंसाठी वापरतात.

*

सप्टेंबरात कळलं की स्टेटस बघायचं तर पोर्टलमध्ये शिरावं लागतं, आणि शिरायला ओटीपी लागतो. आणि बप्पांनी आमच्या अख्ख्या स्टाफच्या खात्यांना मोबाईल नंबर लावलाय तो स्वतःचा. कदम सरांनी जुलैत वाचलं होतं तेही बप्पा समोर बसले असताना. कोणालाच हे वावगं वाटलं नव्हतं. उलट घुगे सर म्हणाले, "बरंय की, आपल्याला मेसेजची कटकट न्हाई." घराची किल्ली चोराकडे असली की हरवायची भीती नसते, तशातली गत.

एका सोमवारी कदम सरांनी लॅपटॉप उघडून बप्पांना फोन लावला. बप्पा नारायणगडावर दर्शनाच्या रांगेत होते. फोन स्पीकरवर, भोवती सगळा स्टाफ.

"बप्पा, ओटीपी आला का?"

"आला आला. लिहा. चार... सात..." तेवढ्यात मागे घंटा वाजायला लागल्या. "थांबा सर, आरती सुरू झाली."

कदम सर थांबले. कारण आरतीच्या मधे बोलू नये. हेडसर तर फोनसमोर हात जोडून उभे राहिले, मग बाकीच्यांनीही जोडले. आरती संपली, बप्पांनी उरलेले आकडे सांगितले, आणि लॅपटॉपने मुदत संपल्याचं कळवलं.

"पुन्हा पाठवतो," कदम सर म्हणाले.

"आता नगं," बप्पा म्हणाले. "मी पंगतीला बसलोय."

*

डिसेंबरात खात्याचे मेसेज आले. अर्थात बप्पांच्या फोनवर. 'तुमच्या सवलतींच्या दाव्यात तफावत दिसते, रिफंड थांबवला आहे, महिनाअखेरीपर्यंत सुधारित रिटर्न भरा' असा मजकूर. बप्पांनी तो ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, "समद्यांनाच आलाय, घाबरू नका." त्यानंतर त्यांचा फोन बंद.

एवढं झाल्यावर घुगे सरांनी पहिल्यांदा आपल्या रिटर्नचा कागद घरी नेला. तो वहिनींनी वाचला. घुगे वहिनी म्हणजे दोन हंडे काखेत आणि एक डोक्यावर घेऊन जिना चढणारी बाई. कागदावर बप्पांनी त्यांना ऐंशी टक्के अपंग करून टाकलं होतं. नवऱ्यावर अवलंबून, म्हणून सवलत.

वहिनींनी कागद नीट घडी घालून फ्रिजवर ठेवला.

"ऐंशी टक्के हाय न्हवं मी? मंग भाकरी तुमी थापा. उरलेल्या वीस टक्क्यांत मी टीव्ही बघते."

पंधरवडाभर घुगे सरांच्या डब्यात करपलेल्या भाकरी होत्या. शेवटी त्यांनी बप्पांना बीडला घरी जाऊन गाठलं आणि विचारलं, "टक्के थोडे कमी करता येतात का?"

"येतात की," बप्पा म्हणाले. "पण रिफंडपण तेवढा कमी होईल."

घुगे सरांनी क्षणभर विचार केला. "असू द्या मंग."

आता त्यांना भाकरी बऱ्यापैकी जमते.

*

राहिले हेडसर. बॅनर लागला होता, त्यावर दादांचा फोटो मोठा आणि हेडसरांचा हात जोडलेला छोटा. बॅनरवाला रोज शाळेच्या फाटकाशी गाडी लावून बसायचा. सुधारित रिटर्न भरा, असं मी त्यांना तीनदा सांगितलं. ते म्हणाले, "भरायचं कावून? दादांचा एक फोन गेला की काम होतंय."

"सर, ते तपासणारा माणूस नाही. कॉम्प्युटर आहे, तोही बेंगळुरूला."

"कॉम्प्युटरवर बी कुणीतरी साहेब असतोच की."

स्टेटस समजावून सांगायला म्हणून त्यांनी मला मोटारसायकलवर मागे बसवलं आणि आम्ही बीडला दादांच्या बंगल्यावर गेलो. बैठकीत वीसेक माणसं होती. कोणाच्या बदलीचं काम, कोणाच्या बोअरचं. सचिवपदावर डोळा असलेले दुसऱ्या शाळेचे दोन हेडमास्तरही कोपऱ्यात बसलेले.

हेडसर वाकले. "दादा, आयुष्यभर आपला माणूस. एवढा रिफंड अडकलाय. एक फोन टाका." आणि बप्पांनी दिलेला गठ्ठा जसाच्या तसा त्यांनी पुढे केला.

दादांनी तो पीएकडे दिला. "वाच रे, काय हाय."

पीए वाचायला लागला. नाव, पगार, कापलेला कर. मग थांबला. दादांकडे बघितलं.

"वाच की बे."

"राजकीय पक्षाला देणगी, पन्नास हजार. पावती जोडलीय." त्याने पक्षाचं नाव वाचलं. ते नाव त्या खोलीतल्या कोणीच कधी ऐकलेलं नव्हतं. दादांच्या पक्षाचं नाही, एवढं मात्र सगळ्यांना कळलं.

कोपऱ्यातले दोन हेडमास्तर सरसावून बसले.

दादांनी पावती हातात घेतली, उलटी केली, सुलटी केली. "सर, इतक्या वर्षांत आमाला तुमी हार घातला, बॅनर लावला. त्यो बी उधारीवर, आमाला ठाव हाय. आन ह्यांला पन्नास हजार?"

हेडसरांच्या कपाळावर डिसेंबरात घाम आला. दिले म्हणावं तर सचिवपद गेलं. नाही म्हणावं तर वीस माणसांदेखत खोटं कबूल. ते माझ्याकडे बघायला लागले. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होतो.

"दादा, आईची शपथ, एक रुपया दिला न्हाई. कोण हायत ते बी ठाव न्हाई. रिफंडासाठी लिवलंय ते."

"दिले न्हाईत?"

"न्हाई दादा."

"आन दिले म्हणून लिवलं. वर पावती जोडली."

"हो दादा."

"सही कुणाची?"

"माझीच."

दादा बराच वेळ हेडसरांकडे निरखून बघत राहिले, जत्रेत बैल बघावा तसे. मग पावती घडी घालून परत दिली आणि पीएकडे वळले.

"सचिवाच्या जागी सरांचं नाव लिही. संस्थेचे हिशेब हितून पुढं हेच बघतील."