पृथ्वीगोलावरचा लाल ठिपका

करमाडहून एका जुन्या विद्यार्थिनीचा फोन आला. "बाई, सत्तार सर गेले. सकाळीच." खोटं कशाला बोलू, डोळ्यांत पाणी यायच्या आधी सुटकेचा श्वास आला... बरं झालं, आमचं वेळेत मिटलं. आता महिना होऊन गेला, तरी सरांची आठवण आली की आधी तेच मनात येतं.

करमाडच्या शाळेत मी इतिहास शिकवायचे आणि सर भूगोल. आमच्या वर्गांमध्ये अर्धीच भिंत होती, इकडचं सगळं तिकडं ऐकू जायचं. इस्लामचा धडा चालू असताना एका मुलीनं विचारलं, नमाज पश्चिमेकडं तोंड करून का पढतात? मला माहीत नव्हतं, आणि तसं कबूल करणं माझ्या स्वभावात नव्हतं. मी दिलं ठोकून, "मक्केत काळा दगड आहे, त्याची पूजा करतात." मधल्या सुट्टीत सर हळूच म्हणाले, "बाई, दगडाला नाय पुजत आम्ही. पैगंबरांना पण नाय. ते अल्लाचा निरोप आणणारे माणूस. पूजा फक्त त्या एकाची." भरल्या स्टाफरूममध्ये मी फटकन बोलले, "माझा विषय मला शिकवू नका!"

सरांनी खडूचा डबा उचलला आणि ते वर्गावर गेले. दुसऱ्या दिवशी आपल्या तासाला मात्र पृथ्वीगोल घेऊन गेले आणि मक्केवर लाल शाईचा ठिपका दिला. भिंतीपलीकडून मी ऐकत होते. "इथून मक्का पश्चिमेला, तुर्कस्तानातून दक्षिणेला. जिथं असाल तिथून तोंड एकाच जागेकडं." मग पैगंबरांची गोष्ट: चौदाशे वर्षांपूर्वीच्या मक्केतले एक व्यापारी, लहानपणीच पोरके झालेले, डोंगरातल्या गुहेत एकटेच जाऊन बसणारे... "लिहायवाचायला शिकलेले नव्हते, आणि त्यांना पहिला हुकूम आला, वाच!" पाच वेळची नमाज, रमजानचे रोजे, गरिबांसाठी कमाईतला वाटा म्हणजे जकात, जमलं तर एकदा हज, पण सगळ्याच्या आधी ईश्वर एकच, ही साक्ष. पोरं चिडीचूप ऐकत होती. मला मात्र झोंबलं. घरी पुस्तकं काढून पाहिली, तर सरांचंच बरोबर निघालं. तरी दोन वर्षं मी त्यांच्याशी बोलले नाही. चूक माझी आणि रुसवाही माझाच!

एका दुपारी ते शहरात छावणी भागातल्या माझ्या घराच्या दारात उभे. "बाई, हजला चाललो. कहासुना माफ करा, बोलण्यात काही चुकलं असंल तर."

"जा की मग, माझ्या माफीवाचून काय अडलंय?"

"अल्लाशी चुकलो तर अल्ला माफ करील. माणसाचं मन दुखवलं तर त्या माणसानंच माफ करायचं. तिथं वशिला चालत नाय."

ज्यांनी काही केलं नव्हतं ते माफी मागत होते, आणि जिनं केलं ती चौकट धरून उभी. मला रडूच फुटलं. "सर, चुकलं माझं." ते हसले. "मग लई बरं झालं. आता चहा टाका."

पुढं मी निवृत्त झाले तेव्हा शाळेनं मोडीत काढलेला तोच पृथ्वीगोल त्यांनी मला आणून दिला.

सर गेले त्या दिवशी त्यांच्या घरी भेटायला गेले, तर त्यांच्या पत्नीनं, भाभींनी माझा हात धरला. "बाई, यांच्याकडनं काही कमीजास्त झालं असंल तर माफ करा."

"भाभी," मी म्हटलं, "आमचं केव्हाच मिटलंय."

पृथ्वीगोल माझ्या टेबलावर आहे. पुसताना त्या ठिपक्यावरून फडकं हळूच फिरवते. शेजारच्या मुली विचारतात, हे लाल काय? माहीत आहे तेवढं सांगते. त्यापुढचं विचारलं, की 'माहीत नाही' म्हणते. लई बरं वाटतं.