सूज मोजणारे अण्णामामा

कोडोलीहून फोन आला तेव्हा दवाखान्यात एका फुटबॉलपटूच्या मुरगळलेल्या घोट्यावर मी बर्फ धरून बसले होते. अण्णामामा गेले. फोन ठेवला आणि काम तसंच चालू ठेवलं... पंधरा मिनिटांच्या आत बर्फ काढला असता, तर मामांनीच विचारलं असतं, "का गं, मधीच का काढलास?" आज महिना होत आला, त्यांचे प्रश्न काही पाठ सोडत नाहीत.

मामा गावच्या तालमीत अंग चोळून द्यायचे. लचक, मुरगळ, मुका मार, काहीही असो, गरम तेल आणि त्यांचा अंगठा. शाळेत मी खो-खो खेळायचे. जिल्ह्याच्या निवडीला चार दिवस असताना खांबावर मांडी आदळली. मामांनी त्याच संध्याकाळी चोळली, दुसऱ्या दिवशी पुन्हा चोळली. मायेनं, जीव तोडून. मांडी टम्म सुजली, आत हाडासारखा गोळा धरला आणि माझं धावणं संपलं. ताज्या मारावर चोळलं की आतलं रक्त आणखी पसरतं आणि असं होऊ शकतं, हे मला फिजिओथेरपी शिकताना कळलं. त्या दिवशी हॉस्टेलवर मी खूप रडले. मामांना मात्र अवाक्षर बोलले नाही. कसं बोलणार?

पुढे बऱ्याच वर्षांनी ते पाय मुरगळलेल्या एका पैलवानाला घेऊन माझ्याकडे आले. मी बर्फ कापडात गुंडाळून लावला, पट्टी बांधली, पाय उशीवर उंच ठेवला आणि दोन-तीन दिवस शेक नाही, चोळणं नाही, असं बजावलं. मामा खुर्ची ओढून जवळ बसले.

"गरम सोडून गार का? आत काय हुतंय? तुला दिसतंय व्हय?"

मी कागदावर चित्र काढून समजावलं. ते म्हणाले, "चित्र तू काढलंस. आता मी बघतो की."

आणि खरंच बघितलं. तालमीत एकाच आठवड्यात दोघांचे घोटे मुरगळले. एकानं हट्टानं चोळून घेतलं, दुसऱ्याला मामांनी बर्फ लावला. रोज सकाळी दोघांच्या घोट्यांना सुतळी गुंडाळायची आणि माप येईल तिथं गाठ मारायची, असा त्यांचा उद्योग. पंधरवड्यानं त्या दोन सुतळ्या त्यांनी माझ्या टेबलावर मांडल्या. बर्फवाल्याच्या गाठी भराभर मागे सरकल्या होत्या. दोन पायांवरून सगळं ठरत नाही, असं मी म्हणणार होते. पण मामांचं लक्ष सुतळीकडे नव्हतंच.

"मग तुझी मांडी?"

खोटं बोलावंसं वाटलं. पण मी म्हणाले, "हो मामा. चोळल्यानं वाढलं."

ते सुतळी बोटाला गुंडाळू लागले... "मला म्हाईत न्हवतं. पर तुला म्हाईत हुतं न्हवं? येवढी वर्सं गप बसलीस. तवर किती जणांस्नी चोळलं म्या."

 

मामांचं दिवसकार्य झाल्यावर मामींनी फ्रीज उघडून दाखवला. वरचा कप्पा पाणी भरून गोठवलेल्या पिशव्यांनी गच्च भरला होता. "पोरं अजून येत्यात. कापडात गुंडाळून देते मी," त्या म्हणाल्या.

"चोळायचं नाही, हे सांगता ना त्यांना?"

"सांगाय कशाला लागतंय? समद्यांस्नी पाठ हाय. येईल त्याला तुझे मामा आधी तेच सांगायचे... 'माझ्या भाचीचा पाय म्या घालवलाय, तुझा न्हाय घालवणार.'"