रघुवीरसाठी लिहिलेला खून

मनमोहनराव धैर्यवानांनी उभ्या जन्मात एकच खून केला, आणि तोही कागदावर. मुंबईत कोटातल्या एका सॉलिसिटरच्या हापिसात दिवसभर लोकांच्या कज्ज्यांच्या नकला उतरायच्या आणि संध्याकाळी गिरगावात घरी येऊन कादंबरी लिहायची, असा त्यांचा चार वर्षं क्रम चालला. कादंबरी खुनाच्या तपासाची. एका जमीनदाराला कुणीतरी दुधातून विष घालतं. घरातल्या सगळ्यांवर संशय येतो, फक्त त्याच्या तरुण बायकोवर, गुणवंतीवर येत नाही. शेवटच्या प्रकरणात कळतं की विष तिनेच घातलं. का घातलं तेही कळतं, आणि मग वाचणाऱ्याला तिचा रागच येत नाही. पुस्तकाचा सगळा जीव त्या एका प्रकरणात होता.

लिहिताना मनमोहनरावांना एक खोड होती. पात्र आलं की समासात नटाचं नाव लिहायचे. फौजदार अमक्याने करावा, म्हातारा दिवाण तमक्याने. गुणवंतीपुढे पहिल्या पानापासून एकच नाव होतं, रघुवीर. हेरंबअप्पांच्या नाटक कंपनीत तो बायकांची कामं करी. त्याच्या लुगडं नेसण्याची नक्कल मुगभाटापासून ठाकुरद्वारापर्यंतच्या बायका करत, आणि संक्रांतीला चांगल्या घरांतून त्याला लुगड्यातच हळदीकुंकवाला बोलावणं असे. अशा गोड चेहऱ्याच्या बाईवर कोण संशय घेणार? मनमोहनरावांनी गुणवंती रचली ती त्या चेहऱ्याकडे बघूनच.

पुस्तक छापून आलं, बरं गाजलं, आणि खरोखरच हेरंबअप्पांनी ते नाटकासाठी मागितलं. मनमोहनरावांची स्वारी हरखली. "गुणवंती रघुवीररावांनीच करायची," एवढी एकच अट त्यांनी घातली.

"अहो, त्याच्याशिवाय आमच्याकडे आहे कोण?" अप्पा म्हणाले, आणि हवे ते फेरफार करायची परवानगी लिहून घेतली. मनमोहनरावांनी सही ठोकली. हापिसात दुसऱ्यांचे कागद डोळ्यांत तेल घालून तपासणाऱ्या या माणसाने स्वतःचा कागद नीट वाचलासुद्धा नाही!

तालमीच्या दुसऱ्याच दिवशी अप्पांनी त्यांना कंपनीच्या बिऱ्हाडी बोलावलं. रघुवीर भिंतीला टेकून पान लावत बसला होता.

"धैर्यवान, खुनी बदलावा लागतोय," अप्पा म्हणाले. "ज्याच्या कपाळी आयाबाया कुंकू लावतात, ओटी भरतात, त्याने नवऱ्याला विष घालायचं? बायका थिएटरात पाऊल टाकायच्या नाहीत. रघुवीरला तर हे मुळीच पसंत नाही."

मनमोहनरावांनी रघुवीरकडे पाहिलं. त्याने मान खाली घातली होती.

"मग खुनी कोण?"

"तुमच्या पुस्तकात तो कारकून आहे ना, गुणवंतीचं दुःख ज्याला एकट्याला कळतं, तो. कारकून फासावर गेला तर कुणाचं काय अडतं?"

तो कारकून म्हणजे मनमोहनराव स्वतःच होते. पुस्तकात त्यांनी हळूच, कोपऱ्यात, आपल्याला जागा दिली होती. आता उठावं, पुस्तक परत मागावं, असं त्यांच्या अगदी ओठांवर आलं. पण रघुवीर दुखावेल, काम सोडेल, ही भीती मोठी ठरली. "तुम्ही म्हणाल तसं," एवढंच ते बोलले आणि घरी येऊन न जेवता पडून राहिले.

रविवारी दुपारचा पहिला खेळ तुडुंब भरला. गुणवंतीने नवऱ्याच्या उशाशी बसून पद म्हटलं, तीन वन्स मोअर झाले. शेवटच्या अंकात कारकून पकडला गेला. त्या नटाने तालमीत मनमोहनरावांना बरोबर हेरलं होतं. लिहिता लिहिता टाक केसांना पुसायची त्यांची लकब त्याने जशीच्या तशी उचलली. पिटातून आरोळ्या उठल्या, "द्या फाशी मेल्याला!" दुसऱ्या दिवशी हापिसात सगळ्यांनी विचारलं, "काय धैर्यवान, आज कोणाच्या दुधात?" तेही हसले. दुसरं काय करणार होते!

संक्रांत आली. बायको राजलक्ष्मी हट्टाला पेटली, लेखकाच्या घरी रघुवीर यायलाच हवा. मनमोहनराव स्वतः जाऊन आमंत्रण देऊन आले. आळीतल्या बायकांनी माजघर भरलं. रघुवीर जांभळं लुगडं नेसून आला आणि दारात गुलाबदाणी घेऊन उभ्या असलेल्या मनमोहनरावांपाशी थबकला.

"तुमचं पुस्तक मी तीनदा वाचलं," तो हलक्या आवाजात म्हणाला. "जन्मभर सोशिक बायकाच केल्या हो मी. ती खुनी गुणवंती मला हवी होती."

मनमोहनरावांचा हात थांबला. "तुम्हालाच पसंत नाही, असं अप्पा म्हणाले. तुमच्यासमोर म्हणाले!"

"मालकापुढे मी काय बोलणार? मला वाटलं, लिहिणारा बोलेल. त्या दिवशी मी मान खाली घालून तुमच्याच शब्दाची वाट बघत होतो, म्हटलं आता हा माणूस ऐकून घ्यायचा नाही."

"मला वाटलं, तुम्ही काम सोडाल."

"तुम्ही एक शब्द बोलला असतात, तर मीही बोललो असतो," रघुवीर म्हणाला.

आतून राजलक्ष्मीने हाक मारली, "अहो, आत पाठवा ना त्यांना, ओटी भरायची आहे!" रघुवीरने डोळे टिपले, पदर सावरला, आणि ओठांवर गुणवंतीचं ते सालस हसू आणून तो आत गेला. बायका कौतुकाने चित्कारल्या. मनमोहनरावांनी पुढच्या पाहुणीच्या अंगावर गुलाबपाणी शिंपडलं.