पेडलला टांगलेली वजनं

सकाळी साडेसातला मंजुळा केर काढत होती आणि भिकाजी परब दिवाणावर पाय वर घेऊन चहा पीत होते. केरसुणी रोजच्यासारखी दिवाणाखालच्या लाकडी पेटीवर आपटली.

"रविवारी दिपेश येतलो," मंजुळा म्हणाली. "त्याच्यासमोर भंगारवाल्याक बोलवा आणि ही पेटी द्या एकदाची. मुलगो सांगान दमलो."

"बघूया."

"सहा वर्सां बघतासात."

भिकाजींनी बशीतला चहा संपवला. वरच्या मजल्यावरून येणारी घूं घूं आज मध्येच थांबली होती, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. वरच्या कल्पिताची मुलगी दिशा रोज पहाटे घरातल्या घरात सायकल चालवायची. सायकलचं मागचं चाक काढून ती एका मशीनवर चढवलेली असते, एवढं त्यांना जिन्यात ऐकून माहीत होतं. आवाजाचा त्रास होतो का, असं कल्पिताने दोनदा विचारलं होतं. त्यांनी दोन्ही वेळा नाही म्हणून सांगितलं होतं, कारण तो आवाज थांबला की उठायची वेळ झाली असं त्यांना कळायचं.

तेवढ्यात दारावर थाप पडली. बेल असताना थाप मारणारं बिल्डिंगमध्ये एकच माणूस होतं.

"काका, जरा वर येता का?" कल्पिताच्या हाताला कणीक लागलेली होती. "दोन काटे दोन आकडे दाखवतायत. पोरगी नाश्त्यालाही बसत नाहीये."

"कसले काटे?"

"सायकलचे. पेडलमध्ये एक आहे, मागच्या मशीनमध्ये एक. पायाची ताकद मोजतात. पेडल म्हणतंय दोनशे नऊ वॅट, मशीन म्हणतंय एकशे चौऱ्याण्णव. दोनशे पाचच्या वर असेल तरच तिला सायकल-शर्यतींच्या संघात घेणार. बारा वाजेपर्यंत आकडा पाठवायचाय, आणि तो तपासून घेतलाय असं खाली लिहून द्यायचंय."

भिकाजींनी शर्ट चढवला. खिळ्याला अडकवलेली पोलादी पट्टी घेऊन खिशात घातली.

चाळीस वर्षं त्यांनी वजनकाटे दुरुस्त केले होते. वडील गिरणीत होते, पण भिकाजींना तो आवाज सोसेना. मुलुंडच्या बाजारात जिन्याखाली त्यांनी हातभर रुंदीचं दुकान मांडलं. सोनाराच्या काचेतल्या नाजूक तराजूपासून भंगाराच्या वखारीतल्या भल्यामोठ्या काट्यापर्यंत सगळे त्यांच्या हाताखालून गेले. नवे इलेक्ट्रॉनिक काटे आले, तेही ते शिकले. त्यांची एकच खोड होती. कुठलाही काटा हातात घेण्याआधी ते तो रिकामा असताना मिनिटभर नुसते बघत बसायचे. गिऱ्हाईक वैतागायचं. मग हात थरथरायला लागले आणि काट्याची दांडी जिच्यावर तोलते ती धार नीट बसेना, तेव्हा त्यांनी दुकान बंद केलं. परवान्याचं नूतनीकरण राहून गेलं. वजनांची पेटी दिवाणाखाली गेली.

वर येऊन ते सायकलीसमोर स्टुलावर बसले आणि बघत राहिले.

"काका, बारा वाजता पाठवायचंय," कल्पिता म्हणाली.

"वाजू देत."

एकोणीस वर्षांची दिशा गळ्यात टॉवेल टाकून उभी होती. "आजोबा, पाय किती जोर लावतो ते पेडल मोजतं. मागे किती पोचला ते मशीन मोजतं."

"मधे काय आहे?"

"साखळी."

"मग मागे थोडं कमी येणारच. साखळी काय फुकट फिरते? किती कमी चालतं?"

"दोन-तीन टक्के. हे सातच्या वर जातंय. मशीन गरम करून त्याची तपासणी दोनदा केली. पेडलचं शून्यही करून बघितलं. वॅटभराचा फरक पडला, तेवढंच."

"तुझा भरवसा कोणावर?"

"पेडलवर."

"कारण ते जास्त दाखवतंय," कल्पिता म्हणाली.

"आई, तू गप गं."

"भाजीवालेपण असंच सांगायचे," भिकाजी म्हणाले. "दोन काट्यांचं भांडण असलं की एक दुसऱ्यावर तपासायचा नाही. दोन्ही खोटे असू शकतात. वजन लावायचं. खाली जा, दिवाणाखाली पेटी आहे. पाच-पाचची दोन घेऊन ये. दोन किलोचं आणू नको. आजीने ते वर्षभर कैरीच्या बरणीवर दाब म्हणून ठेवलं होतं, मिठाने खाल्लंय."

दिशा दोन्ही हातात दोन लोखंडी वजनं घेऊन धावत वर आली. तिने दातेरी चाक दोरीने सायकलला बांधून पेडलची दांडी आडवी स्थिर केली. फोनवर पेडलच्या ॲपमधलं वजन तपासायचं पान उघडलं. भिकाजींनी आधी नुसती कापडी पिशवी सुतळीने पेडलला टांगायला लावली.

"आता शून्य कर. पिशवीचं वजन आपल्याला नको."

मग पिशवीत दोन्ही वजनं गेली. फोनवर आकडा दोनदा थरथरला आणि दहावर थांबला. दुसऱ्या पेडलवरही दहाच आला.

"म्हणजे पेडल बरोबर," दिशा म्हणाली. तिचा अंगठा फॉर्मवर गेलाच होता. "दोनशे नऊ."

"थांब. वजन बरोबर सांगतंय. पण दांडी लांब असली की तेवढंच वजन जास्त भरतं. तुझ्या या दांडीची लांबी त्याला कोणी सांगितली?"

"क्रँकची? ती ॲपमध्ये टाकावी लागते. एकशे साडेबहात्तर मिलिमीटर. सायकल घेतली तेव्हाच टाकली."

भिकाजींनी खिशातली पट्टी काढली. हात कापत होता, म्हणून कोपर गुडघ्यावर टेकवलं. या टोकाच्या मध्यापासून त्या टोकाच्या मध्यापर्यंत मोजलं. पट्टी उलटी धरून पुन्हा मोजलं.

"एकशे पासष्ट."

कुकरची शिट्टी झाली, तशी कल्पिता आत जाऊन गॅस बारीक करून आली.

"दिवाळीत तुझा गुडघा दुखत होता," ती म्हणाली, "तेव्हा दुकानदाराने छोट्या दांड्या बसवल्या होत्या ना?"

दिशाने ॲपमध्ये आकडा बदलला. दोरी सोडून पाच मिनिटं सायकल चालवून पाहिली. मागे एकशे पन्नास, पेडलवर एकशे पंचावन्न. फरक फक्त साखळीचा उरला. मग तिने कागदावर सकाळचा हिशेब पुन्हा मांडला. दोनशे नऊचे दोनशे झाले.

दोनशे पाचला पाच कमी.

ती जमिनीवर बसली. बाजूचं वजन सहज उलटं करून तिने पाहिलं. खालच्या बाजूला शिशाच्या गोळीवर शिक्के ठोकलेले होते, एकाखाली एक.

"आजोबा, हा शेवटचा शिक्का कधीचा?"

"दुकान बंद केलं त्याच्या आदल्या वर्षीचा."

"म्हणजे मुदत संपलीय."

"केव्हाच."

"मग ही तपासणी धरायची तरी कशाला? मी सकाळचाच आकडा पाठवला तर?"

"दिशा," कल्पिता म्हणाली.

"तिला विचारू दे," भिकाजी म्हणाले. चाळीस वर्षांत त्यांचं वजन उलटं करून शिक्का पाहणारा वजनमाप खात्याच्या इन्स्पेक्टरशिवाय कोणी भेटला नव्हता. "वजनावर शंका घे. बरोबर आहे तुझं, घ्यायलाच हवी. पण दांडी एकशे पासष्टच भरली, ते तू बघितलंस. पट्टीचं काय करशील?"

दिशाने फोन हातात घेतला. मग दोनशे लिहिलं, खाली तपासून घेतल्याचं लिहिलं आणि पाठवून दिलं. दहा वाजले होते. मग ती आईने पुढे केलेला थालिपिठाचा तुकडा खायला लागली.

भिकाजी उठले. दोन्ही वजनं तिने उचलली आणि त्यांच्या मागोमाग खाली आली. मंजुळाने दार उघडलं. दिशाने वाकून वजनं पेटीत ठेवली, आपापल्या खाचेत. दोन किलोच्या गंजक्या वजनावरून तिने बोट फिरवलं.

"चेडवा, पेटी अशीच बाहेर रवांदे," मंजुळा म्हणाली. "रविवारी जातलीच आसा."

भिकाजी दिवाणावर बसले. पाय वर घेतले नाहीत.

"दिशा," ते म्हणाले, "सोमवारी सकाळी ही पेटी रिक्षात ठेवायला ये. खात्यात नेऊन शिक्का मारून आणायचाय. मला आता ती उचलवत नाही."